प्रस्तरारोही खेळगाडीच्या मागील आसावरील भार

रेडिओ-नियंत्रित खेळगाड्यांमध्ये खडकांवर संथ गतीने चढणाऱ्या गाड्यांचा एक स्वतंत्र वर्ग असून तो 'रॉक क्रॉलर' या नावाने ओळखला जातो. या गाडीला वेगाशी कर्तव्य नसते. उलटून न पडता चढणे एवढेच तिचे कार्य. तिचा मागील आस हलका करण्याकडे हौशी मंडळींचा मोठा कल असतो. तो कितपत सयुक्तिक आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम घर्षणाचा प्रश्न घेऊ. कूलॉमने १७८५ मध्ये मांडलेल्या नियमानुसार घर्षण लंबदाबाच्या प्रमाणात असते. चारही चाके एकत्र जखडून फिरत असतील, तर भार पुढे असो वा मागे, एकूण पकड तीच राहावयास हवी. परंतु रबर हा नियम काटेकोरपणे पाळीत नाही. दाब वाढला की त्याचा घर्षणांक काहीसा घटतो. म्हणून दोन्ही आसांवर भार शक्य तितका समान असणे हितावह ठरते. चढावर मात्र तो मागे सरकतो.

उलटण्याचा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे. गुरुत्वमध्याचे मागील आसापासूनचे अंतर भागिले त्याची जमिनीपासूनची उंची, ही ज्या कोनाची स्पर्शज्या असेल, त्या कोनाच्या चढावर गाडी मागे उलटते. उतारावर हेच अंतर पुढील आसापासून मोजावयाचे, तर आडव्या कलासाठी चाकांमधील निम्मे अंतर घ्यावयाचे.

उदाहरणादाखल २.५ किलोग्रॅमची एक गाडी कल्पू. दोन आसांतील अंतर ३०० मिलिमीटर, डाव्या-उजव्या चाकांतील अंतर २००, गुरुत्वमध्य बरोबर मधोमध व ९० मिलिमीटर उंचीवर. टायर व स्प्रिंगा दबत नाहीत असे मानू. तिच्या उलटण्याच्या मर्यादा चढावर व उतारावर ५९.० अंश, तर आडव्या कलावर ४८.० अंश येतात.

आता मागील आसातून, ५० मिलिमीटर उंचीवरून, २०० ग्रॅम काढले, तर चढाची मर्यादा ६०.२ अंश होते. लाभ जेमतेम एका अंशाचा. उलट उताराची मर्यादा ५५.७ व आडव्या कलाची ४६.९ अंशांवर येते. कारण उघड आहे: काढलेले वजन तळाशी होते, म्हणून उरलेल्या गाडीचा गुरुत्वमध्य वर गेला.

तेच २०० ग्रॅम पुढील आसावर नेले, तर चढाची मर्यादा ६२.७ अंश होते व आडवी मर्यादा कायम राहते. मात्र उताराची ५४.५ अंशांपर्यंत घसरते. ४५ अंशांच्या चढावर पुढील चाकांवरील लंबदाब मुळात ३५४ ग्रॅम होता. केवळ वजन काढल्याने तो ३७७, तर पुढे नेल्याने ४९५ ग्रॅम होतो. सुकाणूची चाके खडकावर टेकलेली राहण्यास हा फरक निर्णायक ठरतो.

आता मागील आसाला हात न लावता गाडीच्या मध्यावरील टपातून, १५० मिलिमीटर उंचीवरून, २०० ग्रॅम कमी करू. चढ व उतार या दोहोंची मर्यादा ६०.५ अंश, तर आडव्या कलाची ४९.७ अंश होते. तिन्ही दिशांनी लाभ देणारा हा एकच उपाय आहे.

यावरून क्रम स्पष्ट होतो: प्रथम टप हलका करावा, नंतर बॅटरीसारखे जड भाग पुढे व खाली न्यावेत, मागील आसाचे वजन शेवटी पाहावे. तेथेही चाकांतील पितळी कडी काढावीत, पितळी आवरणाऐवजी ॲल्युमिनियमचे वापरावे; पितळेची घनता सुमारे ८.५, तर ॲल्युमिनियमची २.७ आहे. दंड व दाते मात्र झिजवू नयेत. ४५ अंशांच्या चढावर मूळ गाडीचा ८० टक्के लंबदाब मागील चाकांवरच असतो, आणि तेथील दंड तुटला तर वाचविलेल्या ग्रॅमांना काही अर्थ उरत नाही.

प्रत्येक बदलानंतर पुढील चाके तराजूवर व मागील चाके तेवढ्याच उंचीच्या फळीवर ठेवून, आणि नंतर उलट क्रमाने, भार मोजावा. आस हलका झाला एवढ्याने गाडी सुधारली असे होत नाही. गुरुत्वमध्य कोठे गेला, हाच खरा प्रश्न होय.