चुगलखोर भुकटी

माठ विकत घेताना आजी काय करते, पाहिलंयस? माठ उचलून बोटाने टकटक वाजवते. टण्ण असा खणखणीत आवाज आला, की माठ पास! आवाज बद्द आला, की नापास. कुठेतरी तडा आहे. डोळ्यांना दिसत नाही, पण आजीच्या कानांना बरोबर कळतो.

पूर्वी रेल्वेतसुद्धा अशा आज्या होत्या! म्हणजे आज्या नव्हेत, हातोडीवाले कामगार. गाडी थांबली, की ते चाकांवर एकेक ठोका मारत आणि आवाज ऐकत पुढे जात.

पण केसासारखी बारीक भेग असली तर? आवाज बदलतच नाही! आणि अशी भेग फार लबाड. एक तार घे आणि एकाच जागी पुढे-मागे, पुढे-मागे वाकव. थोड्या वेळाने, कट्! रेल्वेच्या दोन चाकांना जोडणारा जाड आससुद्धा फिरताना असाच वाकतो. अगदी किंचित, पण दर फेरीला. भेग असेल, तर ती गुपचूप वाढत राहते.

मग तिला पकडतं कोण? ओळख पाहू! लोखंडाची भुकटी! ती स्वतःच धावत जाऊन भेगेवर बसते आणि चक्क चुगली करते.

कशी काय? त्यासाठी आधी तुझ्या शाळेत जाऊ या.

लोखंडाच्या आत अगदी इवले इवले भाग असतात. प्रत्येक भाग म्हणजे एक छोटा चुंबकच. एरवी ते मधल्या सुट्टीतल्या मुलांसारखे असतात, कुणाचं तोंड इकडे, कुणाचं तिकडे. म्हणून साधा खिळा दुसऱ्या खिळ्याला ओढत नाही. पण त्याच्याजवळ मोठा चुंबक आणला, की घंटा होते! सगळे प्रार्थनेच्या रांगेत उभे राहतात, तोंडं एकाच दिशेला. आता खिळाही चुंबक झाला.

आता खरी गंमत ऐक. प्रार्थनेची रांग मधेच तोडली, तर काय होईल? मागच्या तुकड्याच्या टोकाला एक तोंड दिसेल आणि पुढच्या तुकड्याच्या टोकाला एक पाठ. कुठेही तोड! नुसती तोंडं असलेली रांग कधी मिळणारच नाही. चुंबकाचंही हुबेहूब तसंच. त्याचे दोन तुकडे केले, तर एकात नुसता उत्तर ध्रुव आणि दुसऱ्यात नुसता दक्षिण ध्रुव, असं होत नाही. दोन्ही तुकड्यांना दोन्ही ध्रुव! चार तुकडे केले तरी तेच!

आता आसालाच चुंबक बनवलं, तर त्यातली भेग म्हणजे काय? अर्धवट तुटलेली रांगच की! म्हणून भेगेच्या एका काठावर उत्तर ध्रुव तयार होतो आणि समोरच्या काठावर दक्षिण. भेगेच्या जागी एक चिमुकला चुंबक जन्माला आला! आता वरून लोखंडाची भुकटी भुरभुरवली, की ती भेगेवरच गोळा होणार. भुकटीची रेघ भेगेपेक्षा जाडही असते, त्यामुळे न दिसणारी भेग ठळक दिसते.

ही युक्ती सापडली कशी? इंग्लंडमध्ये 1868 साली सॅक्सबी नावाच्या माणसाने तोफांच्या नळ्या चुंबक बनवून त्यांवरून होकायंत्र फिरवलं. दोष असेल तिथे सुई दचकायची! पुढे 1920 च्या आसपास अमेरिकेत विल्यम होक पोलादाचे तुकडे घासून गुळगुळीत करत होता. तुकडे हलू नयेत म्हणून ते चुंबकाने धरून ठेवलेले. घासताना पडलेला पोलादाचा चुरा तुकड्यावर रेघा काढून बसत होता. कुणीही फडक्याने पुसून टाकला असता. होकने निरखून पाहिलं, तर जिथे रेघ, तिथे भेग!

आज कारखान्यांत ही भुकटी तेलात किंवा पाण्यात कालवून वस्तूवर ओततात. काही भुकट्यांना खास रंग असतो. बँकेत नोटा तपासायचा जांभळा दिवा पाहिलायस? तसाच दिवा अंधारात लावला, की भेग पोपटी रंगात लखलखते! विमानाच्या चाकांचे पोलादी पाय, क्रेनचे आकडे, गाड्यांचे गिअर असे तपासतात.

पण एक अट आहे. भेग रांगेच्या आडवी असली, तरच रांग तुटते. दोन रांगांच्या मधून उभी गेली, तर कुणाचं काही बिघडत नाही आणि भुकटीही गप्प बसते. म्हणून वस्तू दोनदा तपासतात, एकदा उभी चुंबकित करून आणि एकदा आडवी.

शेवटी शाळा सोडावी लागते बरं! नाहीतर त्या वस्तूला कायमचा लोखंडी कचरा चिकटत राहील. मग तिला हुकूम देतात: पुढे तोंड! मागे तोंड! पुढे! मागे! हुकमाचा जोर हळूहळू कमी करत नेतात. शेवटी सगळे गोंधळून वाट्टेल तिकडे तोंड करून उभे. चुंबकपणा खलास!

तांब्याच्या तांब्यावर किंवा ॲल्युमिनियमच्या पातेल्यावर ही जादू चालत नाही. घरात चुंबक फिरवून बघ, स्टीलचे कितीतरी डबेही त्याला चिकटत नाहीत!

आता तुझी पाळी. दोन पट्टीचुंबक घे. एकाचा उत्तर ध्रुव दुसऱ्याच्या दक्षिण ध्रुवासमोर ठेव आणि मधे जाड पुठ्ठ्याचा तुकडा धर. ही झाली आपली भेग! वर कागद ठेवून लोहकीस भुरभुरव आणि कागदाला हलकी टिचकी मार. बघ, मधोमध कशी रेघ उमटते!

लोहकीस नाही? वाळूत चुंबक फिरव, काळे दाणे चिकटतील. फक्त चुंबक आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत घाल. एकदा मी तसाच फिरवला होता आणि संध्याकाळभर दाणे वेचत बसावं लागलं!