घरातलं तळं (९) : पानं गेली, गड्डा आहे

आज दिव्यांविषयी लिहीन असं कबूल केलं होतं. टिपणं काढूनही ठेवली होती. पण मंगळवारी सांगलीहून एका शिक्षिकेचं पत्र आलं आणि दिवे पुढच्या आठवड्यावर ढकलावे लागले.

त्या लिहितात : "दोन फुटी टाकी तुम्ही सांगितली तशी लावली. क्रिप्टोकोरिन वेंडटीची सहा रोपं आणली. आठ-नऊ दिवस छान होती. मग पानं काचेसारखी पारदर्शक व्हायला लागली. आता बोट लावलं की लगदा हाताला येतो. दुकानदार म्हणतात, मेली, उपटा आणि नवीन न्या. माझी मुलगी शाळेतून आली की आधी टाकीपाशी जाते, बघते आणि काही न बोलता आत जाते. काय करू?"

मी त्याच संध्याकाळी कळवलं : उपटू नका. पण हा प्रश्न त्यांच्या एकटीचा नाही. टाकी लावून महिना झालेल्या जवळजवळ प्रत्येकाचा आहे, आणि उत्तर माहीत नसल्यामुळे दरवर्षी कितीतरी जिवंत रोपं कचऱ्यात जातात. म्हणून हा पूर्ण भाग त्याच्यासाठी.

सुरुवात नर्सरीपासून करू. आपण दुकानातल्या पाण्यातून रोप उचलतो म्हणून ते पाण्यात वाढलेलं असेल असं धरून चालतो. बहुतेक वेळा तसं नसतं. मोठ्या नर्सऱ्यांमध्ये ही रोपं हरितगृहात, दमट हवेत, फक्त मुळं ओली ठेवून वाढवतात. हवेत कार्बन डायऑक्साइड सहज मिळतो, वाढ झपाट्याने होते, शेवाळ धरत नाही, गोगलगायी लागत नाहीत. धंद्याच्या दृष्टीने हेच बरोबर आहे. विकायच्या आधी चार दिवस ती दुकानाच्या टाकीत बुडतात, एवढंच.

हवेत फुटलेलं पान हवेसाठी बांधलेलं असतं. त्याच्यावर मेणचट थर असतो, कारण हवेत पाणी उडून जाण्याचा धोका. त्याला वायूंची ये-जा करायला रंध्रं असतात. पाण्याखाली या दोन्हींचा उपयोग संपतो. पाण्यात वायू पसरण्याचा वेग हवेतल्यापेक्षा सुमारे 10,000 पटींनी कमी असतो. जाड, मेणचट पानातून पुरेसा कार्बन डायऑक्साइड आत येतच नाही. म्हणून रोप पाण्यासाठी वेगळं पान काढतं : पातळ, मऊ, मेणाचा थर नावापुरता, बहुधा रंध्रांशिवाय. जुन्या पानातलं उपयोगी द्रव्य ओढून घेऊन ते नव्या कोंबाला देतं आणि जुनं पान सोडून देतं. आपल्याला दिसतं ते हे सोडून देणं.

यावर विश्वास बसत नसेल तर ऑगस्टमध्ये कोकणात जाऊन भातखाचराच्या बांधावर बसा. मी लांज्याजवळ असाच बसलो होतो. कडेच्या घोटाभर पाण्यात लिम्नोफिलाची दाटी होती, जिला अॅक्वेरियमवाले अंबुलिया म्हणतात. एक काडी अलगद उपटून तळहातावर आडवी ठेवली. पाण्याखालच्या भागात पानांचे नुसते धागे होते, बडीशेपेच्या पाल्यासारखे. पाण्याच्या वर आलेल्या दोन इंचांत मात्र पानं सपाट, रुंद, कडेला दातेरी. अर्धी काडी तळ्यातली, अर्धी शेतातली. शेजारच्या माणसाला नुसती पानं तोडून दाखवली असती तर त्याने ही दोन वेगळी झाडं आहेत असंच सांगितलं असतं.

आपण पाण्याखाली गेलो हे झाडाला कळतं कसं? याचं उत्तर मला फार आवडतं, कारण ते आपल्या आंब्याच्या अढीत सापडतं. पेंढ्यात आंबे झाकून ठेवले की त्यांतून निघणारा इथिलीन वायू आत कोंडतो आणि फळ पिकतं. हाच वायू वनस्पती थोडा थोडा सतत बनवत असतात. हवेत तो उडून जातो. पाण्याखाली तो बाहेर पडायला वाट नसते, म्हणून झाडाच्या अंगातच साठतो. बऱ्याच पाणथळ वनस्पतींसाठी तीच खूण असते : आता बुडालो, खोड लांबव, पान बदल. पुराच्या पाण्याबरोबर भराभर उंच होणारा बंगालचा खोलपाण्याचा भातही याच खुणेवर वाढतो.

आता क्रिप्टकडे वळू, कारण ही जात या सगळ्यांत हळवी. इतर रोपं एक एक पान बदलतात. क्रिप्ट आठवड्याभरात अख्खा पसारा टाकून देते. एवढंच नव्हे, वर्षभर पाण्यात नीट रुळलेली क्रिप्टही जागा बदलली, पाणी बदललं किंवा दिवा बदलला तरी तसंच करते. छंदातले लोक याला 'क्रिप्ट मेल्ट' म्हणतात.

हा तिचा रोग नव्हे, स्वभाव आहे, आणि स्वभाव समजायला तिचं माहेर पाहावं. सांगलीच्या ताईंनी आणलेली वेंडटी मूळ श्रीलंकेची. डच वनस्पतिशास्त्रज्ञ दे विट यांनी 1958 मध्ये अल्बर्ट वेंट या जर्मन मत्स्यालयप्रेमीच्या नावावरून तिला नाव दिलं. पण तिच्या बहिणी आपल्या कोकणात आणि सह्याद्रीच्या ओढ्यांत आहेत : स्पायरॅलिस, रेट्रोस्पायरॅलिस. पावसाळ्यात ओढा भरून वाहतो तेव्हा त्या खडकांच्या फटीत मुळं रोवून पाण्याखाली असतात. पाणी ओसरलं की उघड्या पडतात आणि तेव्हा फुलतात. फूल म्हणजे जमिनीलगतची एक नळी, वर पीळ पडलेली शेपटी. बारीक माश्या आत शिरून अडकतात आणि परागकण अंगाला लागल्यावरच सुटतात. खरा फुलोरा नळीच्या तळाशी दडलेला असतो. क्रिप्टोकोरिन या ग्रीक नावाचा अर्थच लपलेली गदा.

कुळ ओळखलंत? अळू, सुरण आणि शेवळं यांचंच हे कुळ. शेवळाचा कंद पाऊस पडेपर्यंत जमिनीत गप्प असतो. वर पान नाही, काडी नाही. म्हणून कोणी शेवळं मेली असं म्हणत नाही. पहिल्या सरींनंतर ती येणार हे गावातल्या पोरालाही ठाऊक असतं. क्रिप्टचं तेच. तिचा जीव पानांत नसतो, रेतीखालच्या गड्ड्यात असतो. ओढ्याने दरवर्षी पाणी चढवलं आणि उतरवलं, त्यातून ती हे शिकली.

मला हे पुस्तकातून कळलं नाही. 2003 मध्ये माझ्या पहिल्या मोठ्या टाकीतल्या चौदा क्रिप्ट अशाच विरघळल्या. मी त्या उपटून गॅलरीतल्या एका जुन्या बादलीत, उरलेल्या रेतीवर टाकल्या. जून लागला, बादलीत पावसाचं पाणी साचलं, मी विसरून गेलो. गणपतीच्या आधी गॅलरी आवरताना बादली उचलली तर आत चौदापैकी अकरा गड्ड्यांना पानं होती, बोटभर लांब, तपकिरी-हिरवी. माझ्या हातून तीन गेल्या त्या केवळ घाईमुळे. त्या दिवसापासून मी एकही क्रिप्ट पानं गळाली म्हणून उपटलेली नाही.

तर ताई, आणि तुमच्यासारखे इतर सगळे, आता हे करा.

लगदा झालेली पानं कात्रीने बुडाशी कापा. ओढू नका, गड्डा सैल होतो. कापलेलं सगळं टाकीबाहेर काढा, कारण सडणारं पान पाण्यात अमोनिया सोडतं. पुढचे दोन आठवडे दर दोन दिवसांनी एक तृतीयांश पाणी बदला. दिवा सहा तासांवर आणा. खत वाढवू नका. खाणारी पानंच नसताना ते खत शेवाळाच्या पोटात जातं. मासे अजून सोडले नसतील तर थांबा.

शंका आली तर एका रोपाची रेती बोटाने बाजूला करून गड्डा दाबून पाहा. अळकुडीसारखा टणक लागला तर तो जिवंत आहे, पुन्हा झाकून टाका. मऊ पडला असेल आणि कुजका वास येत असेल, तरच काढा. साधारण तीन आठवड्यांत पहिला कोंब दिसतो, गव्हाच्या दाण्याएवढा. डोळ्यांत भरण्यासारखा झुबका व्हायला दोन महिने लागतात.

रोटालासारख्या काडीच्या रोपांना वेगळा न्याय. त्यांची खालची पानं गळतात, पण शेंडा नवीन, अरुंद पानं काढत वर जातो. नवा भाग चार इंच झाला की तेवढाच कापून रेतीत खोचा आणि खालची जुनी काडी टाकून द्या. जावा फर्न आणि अनुबियास यांचं आडवं खोड मात्र रेतीत पुरायचंच नसतं. ती सडत असतील तर आधी तीच चूक तपासा. व्हॅलिसनेरिया मुळातच पाण्यात राहणारी, तिची पानं गळण्याचं कारण हवा-पाण्याचा बदल नव्हे. तिच्यासाठी पाण्याच्या जडपणाचा भाग येईल.

विकत घेतानाची एक परीक्षा सांगून थांबतो. काडीचं रोप पाण्याबाहेर उभं धरा. ताठ राहिलं तर ते हवेत वाढलेलं आहे, घरी पानं टाकणार. ओल्या दोऱ्यासारखं लोंबलं तर पाण्यात रुळलेलं आहे. दोन्ही घ्यायला हरकत नाही, काय होणार ते माहीत असलं म्हणजे झालं.

दिवे पुढच्या आठवड्यात नक्की. तोवर ताईंच्या मुलीला माझा निरोप : रोज बघायला जा, पण पानं शोधू नकोस. रेतीच्या पृष्ठभागाकडे बघ. कोंब तिथून येतो.