सांडव्याचा महाल

बेसिनच्या काठाखाली एक छोटं भोक असतं. नळ उघडा राहिला तर जादा पाणी त्यातून आतल्या पोकळीत उतरतं आणि परस्पर मोरीत जातं. ते भोक उघडंबोडकं दिसू नये म्हणून त्यावर चकचकीत कडी बसवतात, टब असेल तर चकती. या चकतीच्या नुसत्या घाटाचीही नोंदणी होऊ शकते. आपल्या 2000 च्या डिझाइन कायद्यात आधी 10 आणि मग आणखी 5 वर्षं संरक्षण मिळतं, पण ते डोळ्याला दिसणाऱ्या रूपापुरतं. आतली करामत त्यात धरत नाहीत. म्हणजे काम वेगळं आणि शोभा वेगळी. ही फारकत कायद्याच्या सोयीची आहे. बांधणाऱ्यानं ती मानलीच पाहिजे असं नाही, आणि नळदुर्गात ती मानलेली नाही.

सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याला लागलं की पाऊण-एक तासात धाराशिव जिल्ह्यातलं नळदुर्ग येतं. किल्ल्याला बोरी नदीचा वळसा आहे. किल्ला आणि समोरचा रणमंडळ हा जोडकिल्ला यांच्यामध्ये नदीवर सुमारे 90 फूट उंचीचा दगडी बांध घालून पाणी अडवलेलं आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, 1613 साली, मीर इमादीननं हे काम केलं. अडवलेल्या पाण्यामुळे गडाची तहान भागली आणि त्या अंगाला खंदकही आयता मिळाला.

बांधाला खरी भीती जादा पाण्याची. पूर वाटेल तिथून माथ्यावरून कोसळला तर पायथा उकरून काढतो. म्हणून सांडवा लागतो, पाण्याला नेमून दिलेली वाट. इथे अशा दोन वाटा आहेत. लोक त्यांना नर आणि मादी म्हणतात. जोडीनं पडणाऱ्या धबधब्यांना इतकं नेमकं नाव सरकारी कागदातून आलं नसतं.

यापुढची गोष्ट मात्र कुठल्याच हिशेबात बसत नाही. बांधाच्या पोटातच महाल काढला आहे: पाणीमहाल. जिन्यानं खाली उतरलं की कमानींची दालनं लागतात, सज्जा लागतो. सांडवे वाहत असताना समोर पाण्याचा पडदा आणि आत बसणारा कोरडा. इतक्या पाण्याचा दाब पाठीशी घेऊन भिंतीत खोल्या पोकळ ठेवायच्या, म्हणजे बांधणाऱ्याचा आपल्या चुन्यावर केवढा भरवसा असेल! ज्या पाण्याची धास्ती घ्यायची, तेच त्यानं सुलतानाला बसून बघायला लावलं. वेगळ्या नक्षीची गरजच उरली नाही.

निजामाशी झालेल्या 1853 च्या तहानं नळदुर्ग काही वर्षं इंग्रजांच्या ताब्यात गेला, तेव्हा मेडोज टेलर इथला कारभार पाहत होता. ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी लिहिणारा तोच. आत्मचरित्रात त्यानं या किल्ल्याचं वर्णन करून ठेवलं आहे.

आता नदीच्या वरच्या अंगाला बोरी धरण आहे. ते भरून वाहू लागलं तरच नर-मादी कोसळतात, त्यामुळे पाऊस कमी झाला त्या वर्षी जाणाऱ्याला कोरडा दगड बघावा लागतो. निघण्याआधी नळदुर्गात कुणाला तरी फोन करून धरण भरलं का ते विचारा. आणि एकदा उन्हाळ्यातही जा. बांधकाम नीट दिसतं ते तेव्हाच.