पाच युरोंचा बोगदा आणि डाउनलोड्समधला सातबारा

१४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०वरून हात काढून घेतला. सोयाबीनच्या पट्टीकडे बघून घरखर्च ठरवणाऱ्या वाशिमसारख्या जिल्ह्यात नवा संगणक घेण्यापेक्षा जुन्यावरच उबुंटू लिनक्स टाकणे हा सरळ हिशेब. नोव्हेंबरात वैयक्तिक डेटा संरक्षणाचे नियम आले, गोपनीयतेचा विषय निघाला आणि पुढचा प्रश्न ओघानेच आला: लिनक्सवर व्हीपीएन कोणते टाकायचे?

फुकट मिळते म्हणून कुठलेही टाकू नका, एवढे आधी सांगतो. व्हीपीएनमुळे तुम्ही कुठे कुठे फिरता हे जिओला किंवा बीएसएनएलला दिसेनासे होते. पण त्यांच्या जागी व्हीपीएन कंपनी येऊन बसते. पाळत संपत नाही, पाळत ठेवू शकणारा बदलतो. तेव्हा नवा माणूस काय लिहून ठेवतो, हे बघायला हवे.

२८ एप्रिल २०२२च्या आदेशात केंद्राच्या ‘सर्ट-इन’ या सायबर सुरक्षा संस्थेने व्हीपीएन कंपन्यांना बरेच काही लिहून ठेवायला सांगितले. ग्राहकाचे नाव, पत्ता, फोन, ई-मेल, त्याला दिलेला आयपी पत्ता, सेवा कशासाठी घेतली, सगळे पाच वर्षे. पटत नसेल तर भारतातून निघा, असे तत्कालीन राज्यमंत्री राजीव चंद्रशेखर यांनी सुनावले. एक्स्प्रेसव्हीपीएन, नॉर्डव्हीपीएन, सर्फशार्क यांनी खरोखरच इथले सर्व्हर उचलले.

मला यात आवडलेली कंपनी स्वीडनची मुलवाड. ती नाव विचारत नाही, ई-मेलही मागत नाही. खाते म्हणजे फक्त सोळा आकडी क्रमांक. महिन्याला पाच युरो, पाकिटात नोटा घालून पाठवल्या तरी चालतात. १८ एप्रिल २०२३ला गोथेनबर्गच्या कार्यालयात पोलीस झडतीचे वॉरंट घेऊन आले. ग्राहकांची माहिती असलेले संगणक त्यांना न्यायचे होते. तशी माहिती आम्ही ठेवतच नाही, हे कंपनीने समजावून सांगितले आणि पोलीस रिकाम्या हाती परतले. गोपनीयता धोरणाची वीस पाने वाचण्यापेक्षा ही एक झडती मला जास्त पटते.

टाकायला फार तर दहा मिनिटे. आधी टर्मिनलमध्ये कंपनीची सही तपासणारी किल्ली उतरवून ‘कीरिंग्ज’ फोल्डरमध्ये ठेवायची, मग कंपनीच्या भांडाराचा पत्ता यादीत जोडायचा, ‘सुडो ॲप्ट अपडेट’ आणि शेवटी ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल मुलवाड-व्हीपीएन’. उबुंटू २४.०४वर पासवर्ड टाइप करताना पडद्यावर ठिपकासुद्धा उमटत नाही. कीबोर्ड बिघडलेला नसतो, टाइप करून एंटर दाबा. किल्लीची पायरी कंटाळवाणी वाटली तरी गाळू नका. सही जुळली नाही तर ॲप्ट त्या भांडारातून काही घेतच नाही, सगळी सुरक्षा तिथेच आहे. आतला बोगदा, म्हणजे तुमची माहिती झाकून नेणारी वाट, वायरगार्डची. जेसन डोनेनफेल्ड यांची ही जेमतेम चार हजार ओळींची करामत २०२०पासून लिनक्सच्या गाभ्यातच आहे.

बोगदा बंद असताना इंटरनेटच रोखणारा ‘लॉकडाउन मोड’ मात्र समजून लावा. तो चालू असताना खात्यातले पैसे संपले की इंटरनेट पूर्ण बंद, आणि आपण बसतो बीएसएनएलच्या नावाने बोटे मोडत.

आता जरा कडू बोलतो. वाशिममधल्या माणसाची माहिती बहुधा इंटरनेटच्या तारेतून गळत नाही. ती गळते ऑनलाइन कामे करून देणाऱ्या दुकानातल्या संगणकावर, जिथे ‘डाउनलोड्स’ उघडले की गावभरचे आधार, सातबारे, जातीचे दाखले एकाखाली एक दिसतात. व्हॉट्सॲपवर आलेली पीएम किसानची खोटी एपीके फाइल ज्याने उघडली, त्याला जगातला कुठलाही बोगदा वाचवत नाही. बँकेचा व्यवहार एचटीटीपीएसमुळे तसाही झाकलेलाच असतो.

तरीही टाकणार असाल तर एक अडचण ठरलेली. तुमचा आयपी पत्ता सिंगापूरचा दिसू लागला की आपली कित्येक सरकारी संकेतस्थळे दार लावून घेतात. अर्जाच्या शेवटच्या दिवशी हे कळले तर धावपळ होते. त्यावर उपाय आहे. फायरफॉक्स पूर्ण बंद करायचा आणि टर्मिनलमधून ‘मुलवाड-एक्सक्लूड फायरफॉक्स’ म्हणून उघडायचा. तेवढा ब्राउझर बोगद्याबाहेरून जातो, बाकीचे सगळे आत राहते. जुनी खिडकी उघडी राहिली असेल तर आज्ञा लागू होत नाही आणि पोर्टल पुन्हा फिरत बसते.