घोटतांच रंग पालटणारे स्फटिक

‘रस’ आणि ‘सर’ या दोन शब्दांतील अक्षरें तींच. क्रम फिरला, कीं अर्थ पालटतो. रसायनशास्त्रांतील अशाच एका प्रकाराची ओळख वाचकांस करून द्यावी, असें आम्हांस वाटतें.

कांहीं सेंद्रिय स्फटिकांवर जंबुपार किरण पाडले असतां ते विशिष्ट रंगाचा प्रकाश देतात. तेच स्फटिक खलांत घोटले, कीं त्या प्रकाशाचा रंग बदलतो. येथें नवा पदार्थ निर्माण होत नाहीं. रेणू तेच राहतात. त्यांची रचना मात्र विसकटते. ऊब किंवा योग्य द्रावकाची वाफ दिली, कीं पुष्कळदां ते पुनः ओळीनें बसतात व पहिला रंग परत येतो.

असा स्फटिक मुद्दाम घडवावा कसा? प्रकाश देणारे सपाट रेणू दाटीनें एकमेकांवर रचले, कीं त्यांचा प्रकाश बहुधा मावळतो. २००१ सालीं हाँगकाँग येथील बेन झोंग तांग व त्यांचे सहकारी यांनीं उलट वागणारे रेणू दाखविले: द्रवांत विरघळले असतां निस्तेज, एकत्र जमतांच तेजस्वी. असे रेणू पंख्याच्या पात्यांसारखे पिळलेले असतात. द्रवांत पातीं मोकळीं फिरतात व मिळालेली ऊर्जा त्यांतच खर्चतात. दाटींत फिरणें अडतें, म्हणून ती प्रकाशरूपानें बाहेर पडते. शिवाय पिळामुळें त्यांची रचना सैल राहते व घोटल्यानें सहज मोडते. मग पीळ कांहींसा उलगडून निळसर प्रकाश बहुधा पिवळ्याकडे झुकतो.

२०१० सालीं अमेरिकेंतील व्हर्जिनिया विद्यापीठांत कॅसॅन्ड्रा फ्रेझर व सहकारी यांनीं, उन्हापासून त्वचा राखणाऱ्या मलमांतील ॲव्होबेन्झोन या पदार्थास बोरॉन व फ्लोरीन यांची जोड देऊन असा स्फटिक सिद्ध केला. चोळतांच त्याच्या प्रकाशाचा रंग पालटतो, आणि तसाच ठेवला तर हळूहळू आपोआप पूर्ववत् होतो.

तडा जाण्यापूर्वींच तुळईवर ताण कोठें पडला, हें अशा लेपाच्या रंगावरून कळावें, ही संशोधकांची आशा आहे. पण खलांतील घोटणें निराळें व तुळईवरील अल्प ताण निराळा. एकच रेणू अनेक प्रकारें रचला जाऊं शकतो. तो कसा बसेल, हें आधीं निश्चित सांगणें अद्यापि कठीण आहे. शिवाय आपोआप पूर्ववत् होणारा स्फटिक पडलेला ताण विसरून जातो. तुळईची साक्ष देण्यास तो निरुपयोगी, पुनः पुनः लिहून पुसावयाच्या पाटीस मात्र उत्तम. म्हणून रंग किती पालटतो याइतकेंच तो किती काळ टिकतो, हेंहि विचारिलें पाहिजे, असें आम्हांस वाटतें.