संगणकाचें बिऱ्हाड

सहासात वर्षांचा जुना संगणक घरांत असला कीं त्याविषयीं एक तक्रार हटकून ऐकूं येते. सकाळीं कळ दाबावी, चहा घेऊन यावा, तरी पडद्यावरील चक्र आपलें फिरतच असतें. पत्र उघडावयाचें तर वाट पाहावी, हिशेबाचा तक्ता उघडावयाचा तर पुन्हां वाट पाहावी. अशा वेळीं घरांतील तरुण मंडळी निकाल देऊन मोकळी होतात, “याचें आतां वय झालें, नवा घ्या.” हा निकाल पुष्कळदां घाईचा असतो. यंत्र थकलेलें नसतें. तें केवळ खोळंबलेलें असतें. तें कोठें खोळंबतें, आणि तो खोळंबा दूर करण्यासाठीं त्याचें बिऱ्हाड जुन्या जागेंतून नव्या जागेंत कसें हलवावें, हें आज थोडक्यांत सांगावयाचें आहे.

संगणकांत विचार करणारा भाग निराळा आणि सांठवण करणारा भाग निराळा. विचार करणाऱ्या भागास प्रोसेसर म्हणतात. त्याच्या हाताशीं मेमरी असते. पण ती शाळेंतील पाटीसारखी, वीज गेली कीं कोरी. कायमची सांठवण होते ती हार्ड डिस्कवर. आपलीं पत्रें, छायाचित्रें आणि हिशेब तिच्यावर असतातच. शिवाय ज्या व्यवस्थेमुळें संगणक चालतो ती विंडोजसारखी ऑपरेटिंग सिस्टिमहि तिच्यावरच असते. ही सिस्टिम म्हणजे यंत्राचा कारभारी. रोज सकाळीं या कारभाऱ्याला डिस्कवरून उचलून मेमरींत आणून बसवावें लागतें, आणि तो स्थानापन्न झाल्यावांचून दुसरें कोणतेंहि काम सुरू होत नाहीं.

हार्ड डिस्कची रचना जुन्या ग्रामोफोनशीं पुष्कळशी जुळते. आंत गुळगुळीत चकत्या एका आंसाभोंवतीं फिरत असतात आणि एक बारीक हात त्यांच्यावरून आंतबाहेर सरकत असतो. फरक इतकाच कीं, ग्रामोफोनची सुई तबकडीला टेकते. येथील टोंक चकतीला न टेकतां तिच्यावर अतिशय सूक्ष्म अंतरावर तरंगतें आणि तिच्यावरील चुंबकीय खुणा वाचतें. अशी पहिली डिस्क आयबीएम कंपनीनें १९५६ सालीं पुढें आणली. तींत २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या होत्या आणि सर्व मिळून सुमारें ५० लाख अक्षरें मावत. आज त्याच तत्त्वावर चालणाऱ्या, तळहातावर मावणाऱ्या ५०० जीबीच्या डिस्कवर याच्या लाखपट मजकूर राहतो. सांठवण लाखपट वाढली. परंतु चकती फिरण्याची आणि हात सरकण्याची गति मात्र त्या मानानें वाढूं शकली नाहीं. खोळंब्याचें मूळ येथें आहे.

थोडें अंकगणित करूं. लॅपटॉपमधील साधी डिस्क मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. एका फेऱ्यास सुमारें ११ मिलिसेकंद लागतात. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. हवी ती जागा टोंकाखालीं येण्यास सरासरीनें अर्धा फेरा, म्हणजे साडेपांच मिलिसेकंद जातात. त्यापूर्वीं हाताला योग्य रेषेवर नेण्यांत आणखी दहाअकरा मिलिसेकंद खर्च होतात. एकूण एक तुकडा शोधण्यास साधारणपणें १६॥ मिलिसेकंद. सलग मजकूर, उदाहरणार्थ एखादा चित्रपट, वाचावयाचा असेल तर हा शोध एकदांच करावा लागतो, म्हणून तेथें डिस्कची चाल बरी दिसते. पण कारभारी जागा होतांना हजारों लहान लहान तुकडे निरनिराळ्या ठिकाणांहून गोळा करावे लागतात. असे १०,००० तुकडे धरले तर नुसत्या शोधांतच १६५ सेकंद, म्हणजे पावणेतीन मिनिटें गेलीं! एवढा वेळ सेकंदाला कोट्यवधि क्रिया करूं शकणारा प्रोसेसर हात जोडून बसून राहतो.

या हातालाच रजा देणारें साधन म्हणजे सॉलिड स्टेट ड्राइव्ह. व्यवहारांत तिला एसएसडी म्हणतात. तिच्यांत फिरणारें किंवा सरकणारें कांहींहि नाहीं. फुजिओ मासुओका या जपानी शास्त्रज्ञानें तोशिबा कंपनींत काम करीत असतां १९८४ सालीं फ्लॅश मेमरीची कल्पना जगापुढें मांडली, आणि आजच्या एसएसडीस आधारभूत असलेला तिचा प्रकार १९८७ सालीं पुढें आला. या मेमरींत अगणित सूक्ष्म कप्पे असतात. प्रत्येक कप्प्यांत विजेचा किंचित् भार एका निरोधक भिंतीआड कोंडून ठेवलेला असतो, आणि वीज बंद केली तरी तो तेथेंच राहतो. कोणत्याहि कप्प्यापर्यंत पोंचण्यास फेरा घ्यावा लागत नाहीं; एका मिलिसेकंदाचा दहावा भाग पुरतो, पुष्कळदां त्याहूनहि कमी. मघाचे १०,००० तुकडे आतां एका सेकंदांत हातीं येतात. प्रत्यक्षांत सिस्टिमला इतरहि कामें असतात, म्हणून संगणक सेकंदांत सुरू होईल असें नव्हे. परंतु मिनिटांचें काम सेकंदांवर येतें हें खरें.

तथापि औषधापूर्वीं रोगाची परीक्षा हवी. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या म्हणजे टास्क मॅनेजर उघडतो. संगणक रखडत असतांना तेथें डिस्कच्या नांवापुढें १०० टक्के, आणि प्रोसेसरपुढें दहापंधरा टक्के दिसत असतील, तर दोष डिस्ककडे जातो. मेमरीच भरून गेली असेल तर आधीं ती वाढविण्याचा विचार करावा. आणि रखडणें केवळ इंटरनेटवरील पानांपुरतें असेल तर एसएसडीनें फारसा लाभ होणार नाहीं.

एसएसडी विकत घेतांना दोन गोष्टी पाहाव्या. पहिली, बसण्याची जागा. जुन्या लॅपटॉपमध्यें बहुधा अडीच इंची सॅटा डिस्क असते. तिच्या जागीं त्याच मापाची एसएसडी सरळ बसते. नव्या यंत्रांत एम-२ नांवाची पट्टीसारखी जागा असते. तींत सॅटा चालते कीं एनव्हीएमई, हें त्या यंत्राच्या माहितीपुस्तकांत पाहूनच खरेदी करावी, कारण दोन्ही पट्ट्या दिसण्यांत सारख्या असतात. दुसरी गोष्ट, आकारमान. जुनी डिस्क केवढी आहे यापेक्षां तिच्यावर किती मजकूर आहे हें महत्त्वाचें. ३०० जीबी सामान असतांना २५६ जीबीच्या घरांत तें मावणार नाहीं, आणि घर कांठोकांठ भरणेंहि बरें नव्हे. पांचवा हिस्सा तरी मोकळा असावा.

आतां मुख्य प्रश्न. पुस्तकें एका कपाटांतून दुसऱ्या कपाटांत ठेवावीं त्याप्रमाणें जुन्या डिस्कवरील सर्व फाइली उचलून नवीवर ठेवल्या तर काम होईल काय? होणार नाहीं. छायाचित्रें आणि पत्रें अशीं हलविलीं तर चालतात, कारभारी चालत नाहीं. याचीं कारणें दोन. एक, सिस्टिम चालू असतांना तिच्याच पुष्कळ फाइली तिनें कुलुपांत ठेवलेल्या असतात. त्या साध्या नकलेला हातीं लागत नाहींत. दुसरें, डिस्कचे निरनिराळे खण, म्हणजे पार्टिशन, केलेले असतात, आणि त्यांपैकीं कांहीं आपल्या दृष्टीस पडत नाहींत. कळ दाबतांच यंत्र प्रथम अशाच एका लहानशा लपलेल्या खणांत जाऊन कारभाऱ्याचा पत्ता विचारतें. हा खणच नव्या जागीं गेला नाहीं, तर सर्व सामान जागच्या जागीं असूनहि पडदा काळाच राहतो.

म्हणून मार्ग दोनच. पहिला, नव्या एसएसडीवर सिस्टिम कोरी बसवावयाची, मग लागतील ते प्रोग्रॅम पुन्हां बसवावयाचे आणि शेवटीं आपले कागदपत्र आणावयाचे. वेळ अधिक लागतो. परंतु वर्षानुवर्षांची अडगळ मागें राहते. विंडोज १० किंवा ११ चा डिजिटल परवाना मुख्यतः मदरबोर्डशीं निगडित असतो. केवळ डिस्क बदलल्यानें तो सहसा जात नाहीं. दुसरा मार्ग क्लोनचा, म्हणजे सर्व खणांसह जुन्या डिस्कची हुबेहुब प्रतिकृति करण्याचा. येथें सर्व कांहीं जसेंच्या तसें राहतें, अडगळसुद्धां! कांहीं एसएसडी कंपन्या आपल्या ग्राहकांस त्यासाठीं प्रोग्रॅम देतात. क्लोनझिला नांवाचा विनामूल्य प्रोग्रॅमहि प्रसिद्ध आहे. मात्र त्याला सामान्यतः नवी डिस्क जुनीएवढी किंवा तीहून मोठी लागते.

क्लोन करतांना क्रम मोडूं नये. सर्वांत आधीं कागदपत्रांची आणि छायाचित्रांची एक प्रत तिसऱ्याच ठिकाणीं, बाहेरच्या डिस्कवर, ठेवावी. जुन्या डिस्कमधून खटखट आवाज येत असेल किंवा फाइली वाचतां येत नसतील, तर ही प्रत घेतल्यावांचून दुसरें कांहींच करूं नये. मरणोन्मुख डिस्कला संपूर्ण प्रतिकृतीचे श्रम सोसतीलच असें नाहीं. नंतर बिटलॉकर चालू आहे का तें पाहावें. बिटलॉकर म्हणजे सबंध डिस्कला घातलेलें सांकेतिक कुलूप. तें काम होईपर्यंत काढावें, आणि त्याची ४८ अंकी किल्ली कागदावर लिहून ठेवावी. कांहीं संगणकांत हें कुलूप मालकाच्या ध्यानींमनीं नसतां लागलेलें असतें.

यानंतर एसएसडी यूएसबी केबलनें बाहेरून जोडून प्रोग्रॅम चालवावा. तो विचारतो, कोठून आणि कोठें? येथें क्षणभर थांबावें. ज्या डिस्ककडे बोट दाखवून आपण “कोठें” म्हणूं तिच्यावरील सर्व मजकूर पुसला जातो. उलट उत्तर दिलें तर कोऱ्या एसएसडीची कोरी प्रतिकृति जुन्या डिस्कवर होईल, आणि लेकीच्या लग्नाचीं छायाचित्रें, वडिलांच्या हस्ताक्षरांतील कागदांच्या प्रती, सर्व कांहीं एका होकारासरशीं जाईल. म्हणून दोन्ही डिस्कांचें नांव आणि आकारमान आधीं लिहून घ्यावें, आणि पडद्यावरील नांवांशीं तें अक्षरशः ताडून पाहावें.

प्रतिकृति झाली कीं संगणक पुरता बंद करावा, वीज तोडावी, जुनी डिस्क काढावी आणि एसएसडी बसवावी. पहिल्या वेळीं दोन्ही एकत्र ठेवूं नयेत. दोघींची ओळखखूण एकच झालेली असल्यामुळें विंडोज गोंधळांत पडतें. सुरू करतांना संगणकाला नवी डिस्क सांपडली नाहीं, तर बायॉसमध्यें जाऊन सुरुवातीच्या क्रमांत तिला पहिलें स्थान द्यावें. तेथील इतर मांडणी मात्र पूर्वीं होती तशीच ठेवावी.

नव्या घराचे नियमहि थोडे निराळे आहेत. हार्ड डिस्कवर विखुरलेले तुकडे सलग लावण्याची, म्हणजे डीफ्रॅगची, पद्धत होती. एसएसडीला तिची गरज नाहीं. प्रत्येक लेखनानें कप्प्यांच्या भिंती किंचित् झिजतात, म्हणून निष्कारण लेखन टाळलेलें बरें. तिला हवा असतो ट्रिम नांवाचा संदेश, म्हणजे कोणते कप्पे आतां मोकळे झाले याची वर्दी. विंडोज ७ पासून, म्हणजे २००९ पासून, विंडोज हें काम आपण होऊन करतें. यांतून एक गोष्ट मात्र ध्यानांत ठेवावी. हार्ड डिस्कवरून चुकून पुसलेली फाइल पुष्कळदां परत मिळवितां येते. एसएसडीवर ट्रिम झाल्यावर ती आशा जवळजवळ उरत नाहीं. तसेंच विजेवांचून दीर्घकाळ पडून राहिलेल्या एसएसडीतील भार हळूहळू पाझरतो. तेव्हां ती रोजच्या वावराची जागा आहे. वर्षानुवर्षें बंद ठेवावयाची पेटी नव्हे.

एसएसडी सर्व दुखण्यांवर उतारा नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे. विंडोज १० ची सर्वसाधारण सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबली. ज्या यंत्राला विंडोज ११ च्या अटी पुऱ्या करतां येत नाहींत, त्याची गति वाढली तरी ही उणीव भरून निघत नाहीं. त्याला लिनक्ससारखी विनामूल्य सिस्टिम देतां येते, आणि एसएसडीवर तीहि चांगली धांवते.

काम स्वतः करावयाचें नसेल तर दुकानांत द्यावें. त्यांत कमीपणा नाहीं. परंतु दोन गोष्टी आधींच ठरवाव्या. सामान तसेंच राहणार कीं सिस्टिम कोरी बसणार, हें स्पष्ट विचारावें. आणि जुनी डिस्क न पुसतां परत मागून घ्यावी. ती आपली आहे, आणि तिच्यावर आपलें घर आहे.

बिऱ्हाड हलविणारा शहाणा गृहस्थ नव्या जागीं पाणी येतें का, दिवा लागतो का, हें पाहिल्यावांचून जुन्या जागेची किल्ली मालकाच्या हातीं देत नाहीं. येथेंहि तोच न्याय. नवी एसएसडी महिनाभर सुरळीत चालूं द्यावी, प्रत्येक महत्त्वाचा कागद उघडून पाहावा, आणि तोंवर जुन्या डिस्कला कोणी हात लावूं नये. पुढें ती निरोगी असेल तर यूएसबीच्या केसिंगमध्यें घालून दुसऱ्या प्रतीसाठीं वापरावी. नव्या संगणकाच्या किमतीच्या लहानशा अंशांत जुनें यंत्र आणखी कांहीं वर्षें कामीं येईल. आणि या सर्व खटाटोपांत घरांतील एकहि छायाचित्र हरवलें नाहीं, तर बिऱ्हाड नीट हललें असें समजावें.