कसरत किती, विसावा किती?

तालमीत किंवा व्यायामशाळेत जाणाऱ्या तरुणांच्या तोंडी एक तक्रार वरचेवर ऐकू येते. "महिनाभर मेहनत दुप्पट केली, पण पूर्वी निघत होते तेवढे जोरही आता निघत नाहीत." ऐकणारा बहुधा सल्ला देतो, "मग मेहनत आणखी वाढव." सल्ला प्रेमाचा असतो, पण पुष्कळदा तोच घात करतो. अंगात आळस शिरल्याने शक्ती घटते, तशी ती कसरत जास्त झाल्यानेही घटते. आयुर्वेदाने या दुसऱ्या प्रकाराला अतिव्यायाम असे नाव दिले आहे.

हे कसे घडते ते आधी पाहू. आपण जोर मारतो, बैठका काढतो, वजन उचलतो, त्या वेळी स्नायू वाढत नसतात. उलट त्यांची थोडीफार झीज होत असते आणि त्यांतले साठवलेले इंधन खर्ची पडत असते. ही झीज भरून निघते ती नंतर, विश्रांतीत. त्यासाठी लागतात दोन गोष्टी : पोटभर सकस अन्न आणि गाढ झोप. शरीर मोठे धोरणी आहे. झाली तेवढीच झीज भरून ते थांबत नाही, पुढच्या वेळेसाठी थोडी जास्तीची भर घालून ठेवते. ही भर म्हणजेच वाढलेली ताकद. भारी कसरतीनंतर हे काम साधारण एक ते दोन दिवस चालते. भिंतीला गिलावा करणारा गवंडी पहिला थर आवळल्याशिवाय दुसरा देत नाही. दिला तर दोन्ही थर गळून पडतात. स्नायूंचेही तसेच आहे.

आता, थकवा म्हटला की लगेच घाबरून जायचे कारण नाही. त्याच्या पायऱ्या आहेत. नेहमीपेक्षा जास्त मेहनत झाली, अंग आंबले, चार दिवस जोर कमी पडला आणि विसाव्यानंतर पूर्वीपेक्षा जास्त ताकद आली, तर तो कसरतीचाच भाग समजावा. विसावा घेऊनही काही आठवडे ताकद परत येत नसेल, तर मात्र ती धोक्याची सूचना होय. आणि तीही न जुमानता कसरत रेटीत राहिले, तर गाडी रुळावर यायला कित्येक महिने लागतात. ही शेवटची पायरी विरळाच आढळते. पण मधल्या पायरीवर अडकलेले तरुण पुष्कळ भेटतात.

ते ओळखायचे कसे? पहिली आणि मुख्य खूण म्हणजे, मेहनत तीच किंवा जास्त, पण काम कमी. दुसरी, झोप उडते. अंग दमलेले असूनही डोळा लागत नाही. तिसरी, जेवणावरची वासना जाते, वजन उतरते. चौथी, स्वभाव बदलतो. मुलगा चिडचिडा होतो, तालमीचे नाव काढले की त्याच्या कपाळावर आठी पडते. पाचवी, सर्दी-पडसे वारंवार होते, दुखऱ्या सांध्याचे दुखणे हटत नाही. सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी मिनिटभर नाडी मोजण्याची सवय ठेवावी. नेहमीपेक्षा आठ-दहा ठोके जास्त, असे ओळीने काही दिवस आढळले तर सावध व्हावे. मात्र वजन उचलणाऱ्यांच्या बाबतीत नाडी दर वेळी बदलेलच असे नाही. म्हणून एका खुणेवर निवाडा न करता चार खुणा एकत्र पाहाव्या.

अतिव्यायाम दाखवून देईल अशी रक्ताची एकही खात्रीची तपासणी नाही. २०१३ साली युरोप आणि अमेरिकेतील क्रीडाशास्त्रज्ञांच्या संस्थांनी मिळून जे निवेदन काढले, त्यातही हेच सांगितले आहे : आधी इतर कारणे बाजूला काढा. रक्त कमी असणे, मधुमेह, क्षय, हिवताप, कंठग्रंथीचा विकार यांतही माणूस असाच गळून जातो. तेव्हा दोन-तीन आठवड्यांच्या विसाव्याने गुण आला नाही, तर डॉक्टरांकडे जावे.

एक लक्षण मात्र घटकाभरही अंगावर काढू नये. सवय नसताना एकाच दिवशी शेकडो बैठका मारल्या आणि लघवी काळ्या चहासारखी होऊ लागली, पाय सुजून अतिशय दुखू लागले, तर स्नायू फुटून त्यांतले द्रव्य रक्तात उतरले असे समजावे. याने मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

उपाय खर्चाचा नाही, पण धीराचा आहे. पहिला आठवडा कसरत बंद. शेतावर फेरफटका मारायला हरकत नाही. झोप मोठ्या माणसाला सात-आठ तास, वाढत्या मुलाला आठ ते दहा तास हवी. जेवणात भाकरी-भात आखडता घेऊ नये. जोडीला डाळ, उसळ, शेंगदाणे, दूध, जमल्यास अंडी-मासळी असावी. कैक वेळा दोष जास्त मेहनतीचा नसतोच, ताटातल्या कमी अन्नाचा असतो. शक्तीचे औषध म्हणून मिळणाऱ्या पुड्या आणि सुया यांच्या वाटेला जाऊ नये. मग पूर्वीच्या निम्म्या मेहनतीने आरंभ करावा आणि दर आठवड्याला थोडी थोडी वाढवावी. आज हातांची भारी मेहनत केली, तर उद्या पायांची करावी. आठवड्यातून एक दिवस पुरा विसाव्याचा ठेवावा.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. पोलीस भरतीची तारीख जवळ आली की मुले पहाटे धावतात, दिवसा शेतात राबतात आणि संध्याकाळी वजने उचलतात. शेतातले कष्ट हीसुद्धा कसरतच आहे. ती हिशेबात धरा. मुलाला वही घालायला सांगा : झोप किती, नाडी किती, जोर किती. तीन रकाने पुरे. आकडे उतरू लागले की त्याला "आळशी" म्हणण्याआधी वही पाहा. आणि शिक्षा म्हणून उठाबशांचे शतक तर कोणालाच घालू नका.

आपल्या जुन्या वैद्यांनी व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा असे सांगून ठेवले आहे. कपाळावर, नाकावर, काखेत घाम आला, तोंडाला कोरड पडू लागली, की अर्धी शक्ती खर्च झाली, ही त्यांची खूण. कुस्तीच्या मैदानात उतरणाऱ्याला अधूनमधून याच्या पुढे जावे लागते, हे खरे. पण पुढे गेलेल्याने परत कधी फिरायचे हेही शिकून घ्यावे. जो पोरगा वेळेवर दोन दिवस थांबतो, तो वर्षभर तालमीत टिकतो. आणि ताकद जी येते, ती टिकणाऱ्यालाच येते.